मवाबच्या राजाचं टाकं

इर्बिद
४ फेब्रुवारी १९८६

प्रिय जिर्यिसकाका,

पायात सळई घातली आहे आणि डॉक्टर म्हणतात, जून उजाडेपर्यंत पलंग सोडायचा नाही. कशी पडले ते फदवाकाकूंना सांगू नका. उत्खननाच्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून मी विद्यार्थ्यांना बजावत होते की काठावर उभं राहू नका.

आता दिवसभर पडून जुन्या लिप्यांचे तक्ते बघते. काल मवाबी अक्षरांवरून बोट फिरवताना एकदम वाटलं, हे मी आधी केलंय. मग आठवलं. खरूबा गावातलं आपलं अंगण, भाकरीच्या भट्टीच्या उजव्या हाताची भिंत, तिच्यात एक काळा दगड. सुट्टीत आले की मी त्याच्या खाचांमधून बोट फिरवायची. पाखरांची पावलं आहेत असं समजायची.

काका, अठ्ठावीसशे वर्षांपूर्वी आपल्याच भागावर राज्य करणाऱ्या मवाबच्या राजांच्या हातचं लिखाण जगात फार थोडं उरलंय. आपल्या शेजारच्या धिबानचा मोठा दगड शंभर वर्षांपूर्वी फुटला आणि त्याचे तुकडे पॅरिसला गेले. बाकी सगळं इकडेतिकडे मिळालेलं, तळहातावर मावेल एवढं. तर एवढंच करा: एक मोठा कागद दगडावर धरून कोळशाने घासा आणि तो ठसा मला पाठवा.

तुमची
सुहैला

खरूबा
१३ फेब्रुवारी १९८६

चि. सुहैला,

मी अडतीस वर्षं गणित शिकवलं, एकदाही बेरजेतून खाली पडलो नाही. पायाला जप. काकूला मी काही सांगितलं नाही, पण पत्र तिनेच आधी फोडलं होतं.

तो दगड आता दिसत नाही. भिंतीला चुना दिला, पुढे लाकडं रचली. आणि त्यावर काही नव्हतंच, बाळ. तुझे आजोबा पाथरवट. छिन्नीला धार लागली की नाही हे बघायला दिसेल त्या दगडावर ओरखडे काढायचे. घरभर तसले ओरखडे आहेत.

मवाबच्या राजांचं काय घेऊन बसलीस! पवित्र शास्त्रात आहे तेवढं पुरे आहे. मेशा राजा मेंढ्या पाळायचा आणि इस्राएलच्या राजाला लोकर पोचती करायचा. तिकडचा राजा मेल्यावर हा उलटला. मग तीन राजे चालून आले, त्यांनी विहिरी बुजवल्या, झाडं तोडली. शेवटी वेढा पडल्यावर मेशाने तटावर पोटचा मुलगा बळी दिला. चर्चमध्ये हे वाचलं की माझे वडील, म्हणजे तुझे औदाआजोबा, मोठ्याने पुटपुटायचे, "आपल्या राजाला कुणी विचारलंय का?" फादर चष्म्यावरून बघायचे.

तेव्हा हा नाद सोड. पुस्तकं वाच, हाडाचं सूप पी.

तुझा
काका

खरूबा
२६ फेब्रुवारी १९८६

सुहैला बाळा,

तुझे काका आज मदबाला डोळे दाखवायला गेलेत, म्हणून घाईने लिहिते. दगडाला चुना दिलेला नाही. लाकडं मात्र तुझं पत्र आल्यावर त्यांनीच रचली, ती मी हलवली. का रचली म्हणून विचारलं तर म्हणाले, पाऊस येणार आहे. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

कागद मोठा मिळाला नाही. साखरेच्या पोत्याच्या आतला उलगडून घेतला. आधी भिंत कुंच्याने झाडली आणि मग तू म्हणालीस तसा कोळसा फिरवला. पाखरांची पावलं नाहीत हो ती. कुणीतरी मन लावून काढलेलं आहे.

त्यांना कळलं तर मी सांगेन, तूच माझ्या स्वप्नात येऊन हट्ट धरलास. पाय उंच ठेवून झोप.

तुझी
फदवाकाकू

इर्बिद
१० मार्च १९८६

प्रिय काका,

ठसा मिळाला. कुणी पाठवला ते विचारू नका, मीही सांगणार नाही.

काका, तो ओरखडा नाही. अडीच ओळी आहेत, उजवीकडून डावीकडे, आणि दोन शब्दांच्या मध्ये ठिपका, अगदी धिबानच्या दगडासारखा. मी रडले आणि हसले, परिचारिकेने ताप आहे का म्हणून हात लावून बघितला. पहिली ओळ वाचता येते: मी कमशयत, मवाबचा राजा.

कमशयत म्हणजे मेशाचा बाप! धिबानच्या दगडावर मेशा स्वतःच्या बापाचं नाव सांगतो, पण तिथे दगड फुटलाय. 'कमश' एवढंच उरलं, म्हणजे त्यांच्या देवाचं नाव. पुढचं काय ते नव्वद वर्षं कुणाला माहीत नव्हतं. लोकांनी मनाला येईल ते जोडून पाहिलं. मग १९५८ साली करकला एक तुकडा मिळाला. त्यावर नावाचा शेवट होता, 'शयत, मवाबचा राजा'. दोन्ही जोडल्यावर नाव पूर्ण झालं.

आता अवघड भाग लिहिते. आमच्या विभागाचे प्रमुख डॉ. गस्सान बघायला आले होते, त्यांना ठसा दाखवला. त्यांनी भिंग लावलं आणि मान हलवली. अक्षरं फार एकसारखी आहेत, ती पोलादी छिन्नीची आहेत, आणि एक अक्षर उलटं काढलंय, जसं न वाचता येणारा माणूस काढील. "खोटा आहे," ते म्हणाले. "आणि फार जुनाही नाही. हे पूर्ण नाव १९५८च्या आधी कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे कोरणारा त्यानंतरचा." मग हसून म्हणाले, "तुमचे काका मास्तर होते ना? वर्तमानपत्र वाचत असतील."

मी त्यांच्याशी भांडले. पण ते गेल्यावर तुमचं पत्र परत वाचलं. तुम्ही म्हणालात चुना दिलाय. चुना नाही दिलेला.

काका, तुम्ही कोरलाय का तो? कोरला असलात तरी तुम्ही माझे काकाच आहात. फक्त खरं सांगा.

सुहैला

खरूबा
२ एप्रिल १९८६

चि. सुहैला,

तीन आठवडे लेखणी हातात धरवली नाही. आधी तुझा राग आला, मग तुझ्या त्या गस्सानचा, मग फदवाचा. सगळे राग संपल्यावर उरलो मीच.

मी कोरला नाही. मला सरळ रेघ मारता येत नाही, माझ्या फळ्यावरचे त्रिकोण बघून वर्ग हसायचा.

माझ्या वडिलांनी कोरलाय. धिबानच्या दगडाची कीर्ती झाल्यापासून इकडे परदेशी लोक घोड्यावरून यायचे आणि विचारायचे, लिहिलेला दगड आहे का? माझे वडील त्यांना लिहिलेला दगड द्यायचे. आधी कोरायचे, मग महिनाभर शेणात पुरून ठेवायचे, वरून आंबट ताक. मी लहानपणी ते ताकाचं मडकं धरलेलं आहे. गावात त्यांना चर्चचा पाथरवट म्हणून मान होता. वेदीची पायरी त्यांच्या हातची. ज्या हाताने ती पायरी घडवली त्याच हाताने हे केलं, एवढं मला कुणाला सांगायचं नव्हतं. तुला तर नाहीच. तू तेच काम खरेपणाने करतेस.

अंगणातला दगड त्यांनी का विकला नाही ते ठाऊक नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून तो तिथेच आहे.

पण मी नव्हे, याचा पुरावा देतो. सोबत फोटो आहे. माझ्या आत्याचं लग्न, १९३४, फोटोवाला जेरुसलेमहून आला होता, तारीख मागे छापलेली आहे. नवरीच्या कोपराशेजारी बघ. भिंग लाव म्हणावं गस्सानला. वडील १९४१ साली गेले.

आता सुटलो. खोटा दगड आहे, खोटा म्हणून सोडून दे.

काका

इर्बिद
८ एप्रिल १९८६

काका, काका, काका!

तुम्ही गणिताचे मास्तर ना? मग हे गणित सोडवा. आजोबांनी हा दगड १९३४च्या आधी कोरला. त्यावर जे नाव आहे ते १९५८पर्यंत जगात कुणालाच पूर्ण माहीत नव्हतं. आजोबांना ती लिपी येत नव्हती, नाहीतर अक्षर उलटं पडलं नसतं. मग ते नाव त्यांच्या छिन्नीत आलं कुठून?

त्यांनी बघून काढलं! त्यांच्यासमोर खरा दगड होता. आपला खोटा दगड खऱ्याची नक्कल आहे.

गस्सान आज सकाळी फोटो घेऊन खिडकीपाशी गेले ते पाऊण तास परत आले नाहीत. मग येऊन एवढंच म्हणाले, "खरा कुठे आहे?"

दुसरी ओळ मी काल लावली. 'खणलं' असं क्रियापद आहे, आणि त्याच्यानंतरचा शब्द 'बर'. आपण अरबीत 'बीर' म्हणतो तोच शब्द, विहीर किंवा पाण्याचं टाकं. राजाने टाकं खणल्याचं लिहून ठेवलंय. एवढा दगड कुणी लांबून आणत नाही. आपल्या आसपास खूप जुनं, कातळात खणलेलं टाकं कुणाकडे आहे?

सुहैला

खरूबा
२९ एप्रिल १९८६

चि. सुहैला,

तुझा प्रश्न वाचला आणि उत्तर मला लगेच कळलं. कळलं म्हणूनच दहा दिवस घरात बसलो.

तसं टाकं गावात एकच आहे, वरच्या आळीत, झैदानच्या घराचं. झैदान कधीच वारला. त्याची मुलगी उम्म दैफल्ला, म्हणजे दैफल्लाची आई, तिथे राहते, ऐंशीची आहे. त्यांच्या घराचं आणि आपलं बोलणं नाही. का नाही, ते मला एवढंच ठाऊक होतं की पाण्यावरून काही झालं होतं.

गेल्या शनिवारी गेलो. ती दारात बसून मसूर निवडत होती. मी सलाम केला. तिने परात बाजूला केली नाही.

"मास्तर वाट चुकले?" म्हणाली.

"तुमच्याकडेच आलोय."

"सत्तर वर्षांनी? तुमच्या घरात सगळे सावकाश चालतात वाटतं."

मी टाक्याचं विचारलं, दगडाचं विचारलं. तिने मसुरातला एक खडा काढून फेकला. मग म्हणाली, "तुझा बाप आणि माझा बाप दोस्त होते. माझ्या बापाने तुझ्या बापाला तो दगड दाखवला. दोस्त म्हणून. तुझा बाप इथे बसून दोन दिवस कागदावर चितारत होता, माझ्या आईच्या हातचं खात होता. हे ठाऊक आहे?"

"नाही."

"मग एका गोऱ्याने तुझ्या बापाकडून दगड घेतला. तो खोटा निघाला. गोरा करकला जाऊन तुर्की साहेबाकडे ओरडला. शिपाई आले. तुझ्या बापाने काय सांगितलं असेल?"

उत्तरही तिनेच दिलं.

"म्हणाला, मला झैदानने विकला. माझ्या बापाला माझ्यासमोर बांधून नेलं. मी सहा वर्षांची. चार महिने करकच्या किल्ल्यात ठेवलं. आला तो खोकत आला, आणि दुसऱ्या हिवाळ्यात गेला. पाण्यावरून भांडण झालं असं सांगितलं होय तुला? छान."

सुहैला, मी चौसष्ट वर्षांचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा उभा राहिलो. "मला माहीत नव्हतं," म्हणालो. ती म्हणाली, "आता झालं ना?" आणि परात घेऊन आत गेली. कॉफीही विचारली नाही. बरोबरच केलं तिने.

त्यांच्या घरी एक हकीकत, आपल्या घरी दुसरी. आपल्यातल्या कुणी त्यांच्या दारात जाऊन विचारलंच नव्हतं.

आता तू सांग, काय करू?

काका

इर्बिद
६ मे १९८६

प्रिय काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी एका नावासाठी उड्या मारत होते आणि त्या नावापायी एक माणूस किल्ल्यात खोकत होता.

आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे, पण ते कधी घरात आलं नव्हतं. शास्त्रात लिहिलंय की तीन राजांनी मवाब उजाड केला. मेशाचा दगड म्हणतो, इस्राएल कायमचा बुडाला. वेढा, तटावरचा मुलगा, यातलं अक्षरही तो लिहीत नाही. दोघांनी आपापल्या दारातून दिसलं ते लिहिलं, आणि नको ते गाळलं. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून वाचतो. कुठलंही एकच धरलं तर फसतो.

दगडाचं राहू द्या. उम्म दैफल्लांकडे परत जाल तर दगडासाठी जाऊ नका. मी गस्सानना सांगितलंय, त्या नको म्हणाल्या तर मी टाक्याचं नावही काढणार नाही. ते चिडलेत. चिडू देत.

सुहैला

खरूबा
११ जून १९८६

चि. सुहैला,

तुझं ऐकलं. दगडासाठी गेलो नाही.

शुक्रवारी दुपारची नमाज सुटल्यावर वरच्या आळीची माणसं मशिदीसमोर उभी असतात, तिथे गेलो. फदवा बरोबर आली. मी नको म्हटलं होतं, तर म्हणाली, तुम्ही मधेच गणितात शिराल. मी उभा राहून सांगितलं: माझे वडील औदा खोटे दगड बनवून विकायचे. पकडले गेले तेव्हा त्यांनी झैदान सालेम यांचं नाव घेतलं. झैदाननी काही विकलं नव्हतं. मी त्यांचा मुलगा म्हणून त्यांच्या घरची माफी मागायला आलोय. मग दैफल्ला, म्हातारीचा मुलगा, पुढे आला आणि माझा दंड धरून मला घरी घेऊन गेला.

कॉफी आली. मी पेला खाली ठेवला. आपल्याकडे मागणं असलेला पाहुणा होकार मिळेपर्यंत पीत नाही, हे तिला सांगायला नको.

"पी," म्हातारी म्हणाली.

"मला काही मागायचं नाही. फक्त तुम्ही माफ केलंत का, ते कळलं पाहिजे."

"माफ केल्याशिवाय कॉफी उकळली असती का? थंड होतेय ती." मी प्यालो. मग तीच म्हणाली, "आणि दगड बघायचा नाही? एवढा मोठा मास्तर, आणि विचारतसुद्धा नाही."

झैदान किल्ल्यातून सुटून आला तेव्हा त्याने तो दगड उपटून टाक्याच्या गळ्यात, आतल्या बाजूने बसवला होता, अक्षरं पाण्याकडे करून. वरून वाकलं तरी दिसू नये म्हणून. मग आम्ही काय केलं ते ऐक. फदवाने घरातला आरसा आणला, तो दैफल्लाने दोरीला बांधून खाली सोडला आणि पालथा पडून बॅटरी धरली. मी वरून आरशात बघत होतो, आपल्या दगडाचा फदवाने नव्याने काढलेला ठसा मांडीवर.

आहे, सुहैला. ठिपके आहेत, ओळी आहेत. आरशात सगळं उलटं दिसत होतं म्हणून मला वेळ लागला, पण अक्षरामागून अक्षर जुळलं. वडिलांनी उलटं काढलेलं एकच, ते इथे सुलट आहे. बाकी एक काना इकडचा तिकडे नाही.

फक्त नाव पूर्ण नाही. 'कमश' स्पष्ट आहे. त्याच्यापुढे दगडात बोट बुडेल अशा चार खोल चऱ्या आहेत, 'य' आणि 'त' त्यांच्यात गेले. मी म्हटलं, हे कुणी फोडलं? म्हातारी मोठ्याने हसली. "फोडलं कुणी? दोरी आहे ती. माझी, माझ्या आईची, माझ्या सुनेची. नळ येईपर्यंत रोज वीस बादल्या."

म्हणजे तुझं ते पूर्ण नाव खऱ्या दगडावर आता उरलेलंच नाही. ते फक्त आपल्या अंगणात, त्या लबाड पाथरवटाच्या नकलेत आहे. रात्रंदिवस ज्या माणसाची मला लाज वाटत होती, त्याने चोरून काढलं पण नेमकं काढलं. यावर हसावं की रडावं ते तू ठरव. मी दोन्ही करून पाहिलं.

उम्म दैफल्ला म्हणते, तुझ्या माणसांना फोटो काढायला पाठव. दगड मात्र हलवायचा नाही.

काका

इर्बिद
२० ऑगस्ट १९८६

प्रिय काका,

काठी घेऊन चालते आता. आमच्या माणसांनी काढलेले फोटो उत्तम आले. गस्साननी खरा दगड आणि नक्कल दोन्ही शेजारी ठेवून मोजमापं घेतली. त्यांनी स्वतःहून मला सांगितलं, तुमच्या काकांची माफी मागतो.

लेखाचा पहिला कागद सोबत आहे. छापायच्या आधी तुम्ही आणि उम्म दैफल्ला दोघांनी हो म्हणायला हवं. आजोबांबद्दल मी सौम्य लिहिलंय. 'स्थानिक कारागीर' एवढंच. जास्त लिहायचं नसेल तर लिहीत नाही.

सुहैला

खरूबा
१ सप्टेंबर १९८६

चि. सुहैला,

'स्थानिक कारागीर' खोडून टाक. लिही: औदा, पाथरवट, खरूबा. परदेशी लोकांना विकायला खोटे दगड बनवायचा. हा त्यातलाच एक, न विकलेला. असं लिहिलं नाहीस तर पुढचा एखादा गस्सान पुन्हा माझं नाव घेईल.

काल कागद घेऊन वरच्या आळीला गेलो. हल्ली दर रविवारी चर्चनंतर जातो, फदवा तिच्याबरोबर द्राक्षांची पानं गुंडाळत बसते. तू लिहिलेलं मी वाचून दाखवलं: हा शिलालेख प्रथम झैदान सालेम यांनी जपला, ज्यांनी तो कुणालाही विकला नाही आणि त्यासाठी निरपराध असताना कैद भोगली. म्हातारीने हात वर केला. परत वाच म्हणाली. तीन वेळा वाचलं. चौथ्या वेळी दैफल्लाने कागद माझ्या हातून घेऊन वाचलं.

मग म्हातारीने कागदाकडे बोट केलं. म्हणाली, "कागदावर माझ्या बापाचं नाव त्या राजाच्या वर आहे की खाली?"

मी कागद बघून सांगितलं, "वर."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "राजाने एकदा खणलं. आम्ही दरवर्षी गाळ काढला."

तुझा
काका